राहील त्याचं घर

आमच्या भाट्याच्या घराचे फोटो काढायला लोक येतात. रत्नागिरीहून खाडीचा पूल ओलांडला, सुरूचं बन आलं की डावीकडच्या वाडीत वर चढायचं. पाखाडीच्या टोकाला आमचं घर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, ओटीवर झोपाळा. पाहुणे झोपाळ्यावर बसतात, कोकम सरबत पितात आणि निघताना हमखास म्हणतात, "तुम्ही अमेरिकेतून येऊन हे घर वाचवलंत हो! इथल्यांनी केव्हाच पाडून स्लॅब टाकला असता."

पहिली दोन वर्षं हे ऐकून मला बरं वाटायचं. आता राग येतो. पाहुण्यांचा नाही, आमचाच. कारण हे घर आम्ही वाचवलेलं नाही. ते आमच्यामुळे पडलं आणि मग आम्हीच पैसे घालून उभं केलं. दुसरी गोष्ट सगळ्यांना दिसते. पहिली कोणी विचारत नाही, म्हणून ती सांगायला बसले आहे. वाचून काही नातेवाईक रागावतील. रागावू देत.

घर बांधलं माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी. ते गेले, मग मुलं, मग नातवंडं. वारस लागत गेले आणि आज कागदावर सतरा नावं आहेत. त्यातली पाच माणसं हयात नाहीत. उरलेल्या बारांपैकी चार मुंबईत, तीन पुण्यात, एक बंगळूरला, एक दुबईत. दोन अमेरिकेत, म्हणजे माझा नवरा आणि माझी नणंद. घरात राहणारं नाव एकच होतं, माझे चुलत दीर.

भावोजी रत्नागिरीत एका दुकानात हिशेब लिहायचे. उरलेला वेळ घराचा. शिमगा झाला की शिडी लावून कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची. वासे-रिपा ठोकून बघायच्या, वाळवीच्या वाटा मोडायच्या. मृगाच्या आधी पश्चिमेच्या पडवीला झापं बांधायची, नाहीतर झड थेट ओटीवर येते. दिवाळीच्या आधी खळं चोपायचं. हे त्यांनी तीस वर्षं केलं. आम्ही दोन-तीन वर्षांतून एकदा मे महिन्यात यायचो, आंबे खायचो, झोपाळ्यावर बसायचो, मुलांना विहीर दाखवायचो आणि जाताना वहिनींच्या, म्हणजे माझ्या जावेच्या, हातावर थोडे पैसे ठेवायचो. त्याला आम्ही 'घराला मदत' म्हणत असू.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. समुद्रात गेलेल्या होड्यांचे हाल झाले, त्यापुढे आमची कौलं म्हणजे काहीच नव्हे. पण मागचं पाख उघडं पडलं आणि वासे आतून कुजलेले निघाले. भावोजींनी हिशेब मांडला. छप्पर नवीन करायचं तर कर्ज काढावं लागणार होतं. बँक म्हणाली, घर सामाईक आहे, सगळ्यांची लेखी संमती आणा.

भावोजींनी प्रत्येकाला पत्र घातलं. फोनही केले. कोणी म्हणालं, आधी वाटण्या करू, मग बघू. कोणी म्हणालं, मी सही केली आणि उद्या तू घर नावावर करून घेतलंस तर? एकाने नुसतं 'विचार करतो' म्हटलं आणि अजून विचार करतो आहे. आमच्याकडून न्यू जर्सीहून एक लांबलचक ईमेल गेली. भावोजींनी पत्र्याचं छप्पर सुचवलं होतं. आम्ही लिहिलं, पत्रे अजिबात नकोत, आजोबांच्या घराची कळा जाईल, आपला वारसा आहे, आम्ही आलो की बसून ठरवू. ती ईमेल लिहायला मी मदत केली होती. 'वारसा' हा शब्द माझाच.

२०११ च्या आषाढात, एका रात्री, मागची भिंत बसली. फुटक्या पाखातून दोन पावसाळे पाणी मातीच्या जोडणीत मुरलं होतं. माणसं ओटीवर निजलेली, म्हणून वाचली. २०१२ मध्ये भावोजींनी खाडीपलीकडे, शहरात, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घराला कुलूप लागलं.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण माझं सगळं भांडण इथे आहे. २०१७ मध्ये आम्ही दोघं निवृत्त झालो, डॉलर घेऊन आलो आणि काम काढलं. त्या वेळी आम्हाला एकाही हिस्सेदाराने 'सही घेतलीस का' असं विचारलं नाही. कर्ज काढायचं नव्हतं, म्हणून बँक मध्ये आली नाही. नातेवाईक तर खूश! फोटो मागवू लागले. जो माणूस तीस वर्षं घरात राहिला, त्याला छप्पर घालायला अकरा जणांची परवानगी लागली. आम्ही वर्षाचे पाच महिने राहणारे, आम्हाला कोणाचीच लागली नाही. पैसेवाल्याला संमती लागत नाही, ती गरिबालाच लागते.

यावर आमच्यासारख्यांची ठरलेली उत्तरं असतात. एकेक घेते.

पहिलं उत्तर, "आम्हाला जुन्याची कदर आहे, गावातल्यांना नाही." ही कदर कशी असते ते माझ्याकडूनच ऐका. काम सुरू केलं तेव्हा आम्ही शहरातला ठेकेदार धरला. त्याने चिऱ्याच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला. पहिल्या पावसाळ्यातच भिंतींना फुगे आले, लोणा धरला, रंग पापुद्र्यांनी सुटला. शेवटी जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मातीत बांदलेली भित, आन वरनं शिमिट. आतला पानी जानार कुटं?" सगळा गिलावा खरवडून चुन्याचा केला. पैसे दोनदा गेले. बिजागऱ्या मी हौसेनं लोखंडी, जुन्या घाटाच्या आणल्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत त्यांचं पीठ झालं. हे सगळं भावोजींना माहीत होतं. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. कुठल्या तोंडाने विचारणार?

आणि पत्र्याचं म्हणाल, तर वानरांनी आमची जिरवली. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. वानरांची टोळी फणसावरून कौलांवर उडी मारते तेव्हा एका सकाळी वीस-पंचवीस कौलं जातात. त्याच दुपारी पाऊस आला की घरात भांडी मांडत फिरायचं. गावोगाव लोक कौलं काढून पत्रे का घालतात, तर त्यांना सौंदर्य कळत नाही म्हणून नव्हे. रोज छपरावर चढायला घरात तरणं माणूस उरलेलं नाही, म्हणून. आम्ही आता काय केलंय? खाली पत्रे आणि वरून शोभेला कौलं. फोटोत पत्रे दिसत नाहीत.

बरं, ही मंगलोरी कौलं तरी कुठली 'मूळची'? बासेल मिशनच्या परदेशी लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला तसल्या कौलांचा कारखाना काढला, तिथून ती किनाऱ्याने पसरली. आमच्या घरावर आधी नळ्यांचं छप्पर होतं, असं सासूबाई सांगायच्या. म्हणजे आजेसासऱ्यांनी त्यांच्या काळात नवीन, सोयीचं, बाहेरून आलेलं छप्पर घातलं. ते घरात राहत होते, त्यांना ठरवता आलं. न्यू जर्सीहून त्यांना कोणी वारशाचं पत्र पाठवलं नाही.

दुसरं उत्तर, "आम्हाला यायचं होतं हो, पण नोकरी, मुलं, परिस्थिती..." खाडीपलीकडे टेकाडावर थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं त्याला आपल्या घरी जाऊ दिलं नाही. परिस्थिती म्हणायची तर ती. आम्हाला कोणी अडवलं होतं? आम्ही आमच्या राजीखुशीने गेलो, तिथे चांगलं घर घेतलं, तिथलं नागरिकत्व घेतलं. त्यात काही पाप नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेलेले, आखातात गेलेले, आमच्यासारखे अमेरिकेत गेलेले, सगळे पोटासाठी किंवा बऱ्या आयुष्यासाठीच गेले. त्यांच्या मनीऑर्डरींवर कोकण जगलं, हेही खरं. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही. गेल्यावर किल्ली खिशात घेऊन जाण्याबद्दल आहे.

एक गंमत सांगते. आम्ही आता कागदोपत्री परदेशी नागरिक. भारतात शेतजमीन विकत घ्यायची म्हटली तर कायदा आम्हाला नाही म्हणतो. पण वारसाने आलेला हिस्सा मात्र राहतो. म्हणजे विकत घ्यायला आम्ही परके आणि अडवून धरायला घरचे.

तिसरं उत्तर सगळ्यात जोरदार आहे आणि ते माझ्या पोटातलं आहे. "सही दिली की हक्क गेला. विशेषतः बायकांचा." हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या माहेरी, राजापूरच्या बाजूला, एका सुट्टीत भावांनी कागद पुढे केला. आईच्या देखत, जेवणं झाल्यावर. मी हक्कसोड करून दिलं. वाचलंसुद्धा नाही. साडी मिळाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखाच वाटा दिला, तो साडीच्या बदल्यात सोडून द्यायला नव्हे. तेव्हा कोणी असं समजू नये की मी बहिणींना 'सोडून द्या' म्हणते आहे. माझ्या नणंदेचं नाव कागदावर आहे आणि ते असायलाच हवं.

पण हक्क वेगळा आणि अडवणूक वेगळी. हक्क म्हणजे माझा वाटा मला द्या, नाहीतर त्याची किंमत द्या. अडवणूक म्हणजे मी वाटाही घेणार नाही, किंमतही सांगणार नाही, राहायलाही येणार नाही आणि जो राहतो त्याला खिळाही मारू देणार नाही. पहिलं न्यायाचं आहे. दुसरं नुसतं लोढण्यासारखं घराच्या गळ्यात बांधलेलं आहे. आणि आमच्या घरात तरी ते लोढणं बहिणींनी बांधलं नव्हतं. ज्यांनी सही नाकारली ते बहुतेक पुरुष होते, शिकलेले होते, आणि कोणालाही त्या घराची गरज नव्हती.

आमच्या घरातली जुनी माणसं कुळकायद्याला शिव्या देत मेली. १ एप्रिल १९५७ हा दिवस आमच्याकडे सुतकासारखा आठवला जायचा. कुळं जमिनीची मालक झाली, आमची गेली. लहानपणी माझ्या नवऱ्याने हे इतकं ऐकलंय की त्याला तारीख पाठ आहे. परवा आम्ही दोघं वाडीतून फिरून येत होतो. जी जमीन 'गेली', तिच्यावर आज कुळांच्या नातवंडांची कलमं आहेत, गडगे नीट घातलेले आहेत, भाजीचे वाफे आहेत. आणि जे 'राहिलं' ते घर? ते पडलं. परसात रान माजलं, विहिरीत झाड उगवलं. जी जमीन कसणाऱ्याकडे गेली ती जगली. जे घर सतरा मालकांकडे राहिलं ते मेलं. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व आमच्या वाडवडिलांना पटलं नाही. मला तर आता वाटतं की ते अर्ध्यावर थांबलं. राहील त्याचं घर, असंही कोणीतरी म्हणायला हवं होतं.

हे मला पटलं ते पुस्तकं वाचून नाही. २०२० च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आम्ही इथेच अडकलो. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेल्यावर पहिल्यांदा मी या घरात अख्खा पावसाळा काढला. जूनच्या सुरुवातीला निसर्ग वादळाची वर्दी आली. आम्ही दोघं अंगणात उभे राहून छपराकडे बघत होतो. काय करायचं, कुठून सुरू करायचं, काही सुचेना. इतक्यात स्कूटर थांबली. भावोजी. मास्क लावलेला, पायात चपला, डिकीत सुंभाची गुंडाळी. वय सदुसष्ट. माझ्याशी दोन शब्द बोलले आणि शिडी मागितली. पश्चिमेच्या कडेला झावळ्या टाकून वर वाळूची पोती ठेवली, पडवीचे खांब बांधले, कुठली खिडकी आधी लावायची ते सांगितलं. दुपारपर्यंत हे चाललं. ज्या घरातून आम्ही त्यांना बाहेर काढलं, त्या घराच्या छपरावर. 'काढलं' असंच मी म्हणणार, दुसरा शब्द नाही.

मी चहा दिला. ते ओटीवर बसले नाहीत, पायरीवर बसले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या घराचं उत्तरेचं पाख जरा बघून घ्या हो."

तुमच्या घराचं. जन्मभर ते 'आपल्या घराचं' म्हणत आले होते.

वादळ उत्तरेकडे दापोली-मंडणगडला झोडपून गेलं, आमची थोडी कौलं गेली. पण तो 'तुमच्या' काही गेला नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हाही ते आले. तेव्हाही 'तुमच्या'च.

आता आम्ही अमेरिकेत असतो त्या सात महिन्यांत घर एक नेपाळी कुटुंब सांभाळतं. रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत राखणीला असलेली अशी कुटुंबं आता गावोगाव आहेत. परक्या देशात येऊन दुसऱ्याचं घर जागतं ठेवणारे खरे तेच. त्यांची बायको रोज चूल पेटवते, धुरामुळे वासे टिकतात. मी एकदा त्याला विचारलं, तुझ्या गावच्या घराचं काय? तो सहज म्हणाला, "वहाँ भाई रहता है, तो घर भाई का।" निघताना गावच्या चार माणसांसमोर सांगून आला होता. त्याच्याकडे न्यू जर्सीत घर नाही, पेन्शन नाही. तरी एवढं त्याला कळलं. आम्हाला दोन पदव्या घेऊन कळलं नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांचं गावाकडे असं सामाईक घर आहे, मग ते भाट्यात असो, नाहीतर साताऱ्यात, त्यांनी तीनपैकी एक करावं. राहायला या, पंधरा दिवस नव्हे, पावसाळ्यासकट. ते जमत नसेल तर आपला वाटा वाजवी किमतीला राहणाऱ्याला द्या, रीतसर नोंदणी करून. तो गरीब असेल तर हप्त्याने घ्या. तेही नको असेल, नाव सोडवत नसेल, तर निदान लेखी संमती द्या की इथे राहणाऱ्याने दुरुस्ती करावी, कर्ज काढावं, हवं तसं छप्पर घालावं, आम्ही आड येणार नाही. जमिनीचं वाटप संमतीने करायला महसूल कायद्यात कलम ८५ आहे. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवता येतं. वकिलातीत एक सकाळ जाते, मग इथे त्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायचा. घर पडायला लागतो त्याहून हा वेळ कितीतरी कमी आहे.

आम्ही आमचं केलं. नवऱ्याने आणि नणंदेने मिळून भावोजींच्या नावे संमती दिली आहे, आमच्या पश्चात आमचा वाटा त्यांच्याकडे जाईल असं मृत्युपत्रही केलं आहे. आम्ही घातलेल्या पैशांचा हिशेब मागायचा नाही, हेही लिहिलं आहे. मुलांना सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, आपण मग मे महिन्यात कुठे जायचं?" मी म्हटलं, काकांकडे. पाहुणे म्हणून. त्यांनी बोलावलं तर.

उरलेल्या नऊ जणांपैकी तिघांच्या सह्या आल्या आहेत. सहा बाकी आहेत. ते हे पुस्तक वाचतील, कारण घराचा फोटो आत आहे असं मी त्यांना मुद्दाम कळवलं आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यावर कोणाचा संशय नाही, तुमचा हिस्सा कोणी गिळणार नाही. कागद तयार आहे, नुसती सही करा. भावोजी आता सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात, तरी यंदाही मृगाआधी शिडी मागायला येतील. त्या दिवशी त्यांनी पायरीवर नाही, ओटीवर बसून चहा घ्यावा, एवढीच माझी इच्छा आहे.